जादा शब्द

मोजणी झाली ती बॅडमिंटनच्या कोर्टावर.
नेट काढून टेबलं मांडलेली,
पायाखाली पांढऱ्या, पिवळ्या रेघा,
माझ्या अंगठ्यावर गुलाबी रबरी टोपी
सांगलीच्या बँकेत कॅशियर घालायचे तसली.
पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, वर रबरबँड.
पहाटे तीनला मेरिल ॲक्रॉइड निवडून आली,
तीनशे बारा मतांनी.
यॉर्कशरमधल्या आमच्या दरीत
सव्वीस वर्षं तिनं बस चालवलेली;
कोणी धापा टाकत थांब्याकडे येताना आरशात दिसलं
की ब्रेकवर पाय ठेवून वाट बघणारी.
अशी बाई म्हणजे मतदारयादी तोंडपाठ.

लंडनला जाऊन तिनं शपथ घेतली.
छापील कार्डावरचा शब्दन् शब्द वाचला,
मग कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाली,
"आणि कॅल्डर नदीनं ज्यांची घरं नेली, त्यांच्याशीही."

एवढंच.

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
शपथेला जादा शब्द चालत नाहीत.
पुन्हा म्हणा, फक्त कार्डावरचं.
ती म्हणाली, कार्डावरचं सगळं म्हणते, एक अक्षर गाळत नाही,
पण गिळतही नाही.
तिसऱ्या खेपेला ठराव झाला.
सभागृहाच्या दाराशी जमिनीवर एक रेघ असते म्हणे.
तिच्या अलीकडेच थांबायचं,
आणि अलीकडे म्हणजे आमच्यात.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आई म्हणायची.
मेरिल चढली. मागोमाग आम्ही एक बसभर वेडे,
डब्यात सँडविच आणि माझ्याकडे थोडा चिवडा.
न्यायमूर्तींचा आवाज मऊ होता,
नातेवाइकांना बाहेर बोलावणाऱ्या डॉक्टरसारखा.
सभागृहाच्या आतलं सभागृहच ठरवतं,
या न्यायालयाचा हात त्या दारापर्यंत पोहोचत नाही.
आमचे वकील पेनहॅलो यांनी विचारलं,
मग त्या दारापर्यंत माणूस पाठवायचा कोणी, आणि कशाला?
न्यायमूर्तींनी काहीतरी लिहून घेतलं. पाणी प्याले.

निकाल चौसष्ट पानांचा.
मी त्यात माझे गठ्ठे शोधले.
'मतदार' हा शब्द सतरा वेळा आला होता,
एकदाही एकट्याचा नाही.

परतताना मेरिल ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली.
कोणी काही बोललं नाही.
प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय
नसलेल्या ब्रेकवर दाबत होता.
हॅलिफॅक्स आलं तेव्हा ती म्हणाली,
हा पोरगा फार जोरात चालवतो.

जागा रिकामी झाल्याचं जाहीर झालं.
नोव्हेंबरात पोटनिवडणूक, मंगळवारचं बॅडमिंटन रद्द,
तेच टेबल, त्याच रेघा.
रबरी टोपी कोटाच्या खिशातच राहिली होती.

दुसऱ्याच गठ्ठ्यात एक मतपत्रिका अडली.
मेरिलच्या नावासमोर फुली,
आणि बाजूला, बारीक पेन्सिलीनं,
"आणि कॅल्डर नदीनं ज्यांची घरं नेली, त्यांच्याशीही."
वाटलं, कोणाचा तरी चावटपणा.
मग आणखी एक. मग सहा.
एक म्हाताऱ्या हाताचं, थरथरतं,
एक शाळकरी गोल अक्षरांचं,
एकावर नुसतं "त्यांच्याशीही".
मी हात वर केला.

पर्यवेक्षक डेस्मंड फेरार आला,
हा माणूस नियमाबाहेर शिंकतही नाही.
एक पत्रिका उचलून दिव्यासमोर धरली,
मग दुसरी. पुस्तिका काढली, बोटानं ओळ शोधली.
मतदार ओळखू येतो का? नाही.
कल कळतो का?
मी काही बोलले नाही, मला बोलायची परवानगी नसते.
तो बराच वेळ फुलीकडे बघत राहिला,
म्हणजे शब्दांकडे.
त्याच्या आईचं घर पुलापाशी होतं. आता नाही.

"कल स्पष्ट आहे," तो म्हणाला. "धरा."

मी धरलं.
पुढचं उचललं.
यावर नदीचं नाव चुकीचं लिहिलं होतं.
धरलं.